अठ्ठ्याऐंशी नंबरची जागा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या आठवड्यात मशीन बरोबर होतं आणि माणसं चुकली होती. आमच्या कचेरीत उलटं सांगायची पद्धत आहे. काही अडलं की सगळे कॉम्प्युटरकडे बोट दाखवतात, कारण तो बिचारा उलट बोलत नाही. मी बोलते. म्हणून इतरांची कंत्राटं आपोआप पुढे सरकायची आणि माझं दर सहा महिन्यांनी नव्याने करावं लागायचं.

मी लुकिया. तळ्याकाठच्या आमच्या बोमात, म्हणजे जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्या जिथे आहेत त्या गावात, जमीन नोंदणीच्या ऑफिसात मी माहिती भरायचं काम करत होते. काम ऐकायला सोपं. डेटाबेसमध्ये दोन टेबलं. पहिल्यात कुटुंबं: कुटुंबप्रमुखाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर. दुसऱ्यात प्लॉट: कितवा, किती मोठा आणि कोणाचा. 'कोणाचा' या रकान्यात नाव नाही लिहायचं, फक्त ओळखपत्राचा नंबर. आणि नियम असा की तिथे जो नंबर लिहाल तो पहिल्या टेबलात आधीपासून असला पाहिजे. नसेल, किंवा रकाना रिकामा असेल, तर मशीन ती ओळ आत घेत नाही. शिवाय एका गावाची फाईल एकदम जाते. एक ओळ अडली की अख्खं गाव दाराबाहेर.

मंगळवारी सकाळी मी लिसांगा गावाची फाईल लावली. एकशे सदतीस प्लॉट. मशीनने एकशे सदतीसच्या एकशे सदतीस परत फेकले. लिसांगा माझं गाव आहे, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागलं.

मी दोन्ही याद्या छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि घोळ लगेच कळला. कुटुंबांची यादी गावप्रमुखाच्या वहीतून आली होती. त्या वहीत घर बाईच्या नावाने लिहितात. नवरा आमच्याकडे पाहुणा. लग्न झालं की तो बायकोच्या गावी येतो, घर बांधून देतो, शेतात राबतो, आणि पटलं नाही तर आपली चटई नि कुऱ्हाड उचलून आईच्या गावी परत जातो. शेत जागचं हलत नाही. ते आईचं असतं, मग मुलीचं होतं.

प्लॉटांची यादी मात्र राजधानीहून आलेल्या मोजणीवाल्यांनी केली होती. ते दारात उभे राहून विचारायचे, "कुटुंबप्रमुख कोण?" आता दारात सरकारी माणूस आला तर आमच्या बायका घरातल्या पाहुण्याला मानाने पुढे बसवतात. त्यांनी नवऱ्यांना पुढे केलं. नवऱ्यांनी छाती फुगवून आपापलं ओळखपत्र काढून दिलं आणि मोजणीवाल्यांनी नंबर उतरवून घेतले. झालं. एका यादीत सगळ्या बायका, दुसरीत सगळे नवरे, आणि दोन्ही याद्या एकमेकींना ओळखेनात. एका ओळीत तर नंबरच नव्हता, रकाना रिकामा. अठ्ठ्याऐंशी नंबरचा प्लॉट. माझी नजर तिथे थांबली, पण तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

दुपारी चविंगासाहेब आले. राजधानीहून आमचं काम तपासायला यायचे ते. गृहस्थ वाईट नव्हते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, चहात चार चमचे साखर. मूळचे उत्तरेकडचे. तिकडे गाई देऊन सून घरी आणतात, मुलं बापाची आणि जमीनही बापाची. मी त्यांना परत आलेली यादी दाखवली.

"लुकियाबाई, एवढ्यासाठी चेहरा पाडून बसलात?" ते म्हणाले. "तपासणी बंद करा, फाईल आत ओता, तपासणी पुन्हा चालू करा. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे एकशे सदतीस प्लॉट अशा माणसांच्या नंबरावर, जी आपल्या टेबलात नाहीतच?"

"बरं, मग एक कुटुंब नवीन तयार करा. नंबर नऊ-नऊ-नऊ-नऊ, नाव 'अज्ञात'. सगळे प्लॉट त्याला लावून टाका. नंतर बघू."

"नंतर म्हणजे शुक्रवारच्या आधी की शुक्रवारनंतर?"

साहेब चहा ढवळत राहिले. शुक्रवारी दहा वाजता जमीन समितीची बैठक होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ज्या जमिनीला मालक सापडणार नाही ती उसाच्या कंपनीला भाड्याने द्यायची, असं पत्र निघालं होतं. कंपनीचा डोळा ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीवर होता. ओढ्याकाठ म्हणजे लिसांगा. तिथे उन्हाळ्यातही मका उभा राहतो. गावात एकाच वर्षात दोन पिकं घेणाऱ्या ज्या बायका आहेत, त्या सगळ्या तिथल्याच.

"मग नवऱ्यांनाच कुटुंबप्रमुख करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "साऱ्या जगात तसंच करतात."

"साऱ्या जगाची शेतं लिसांगात नाहीत, साहेब. उद्या नवरा चटई उचलून गेला तर शेतही काखोटीला मारून नेईल का?"

"तुम्ही फार बोलता."

"फाईल बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "हे बघा. गुरुवारी बारा वाजता मी स्वतः या खुर्चीत बसणार आणि सगळे प्लॉट 'अज्ञात'ला लावणार. समितीपुढे मला भरलेली टेबलं न्यायची आहेत, रिकामी नाहीत. तोवर तुम्हाला काय दिवे लावायचे ते लावा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण उत्तर द्यायला माझ्याकडे नुसता राग होता, आणि रागाची काही फाईल होत नाही.

बुधवारी सकाळी मी सायकल-टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून लिसांगाला गेले, मांडीवर दोन्ही याद्या घेऊन. गावप्रमुख म्हणजे माझे मामा, स्टांडी त्यांचं नाव. आमच्या घरातल्या सगळ्या बहिणींचा आणि भाच्यांचा भार त्यांच्यावरच. ते आंब्याखाली बसून जाळं विणत होते. त्यांच्या शेजारी माझी थोरली आई, म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण, सुपात सुकी मासळी निवडत होती. गावात तिला अबिती चिंग्वालू म्हणतात. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मला रागवायचं काम तिच्याकडे आहे.

मी सगळं सांगितलं. थोरल्या आईने यादीतला आपला प्लॉट शोधायला लावला. सत्त्याऐंशी नंबरचा प्लॉट, आणि पुढे तिच्या नवऱ्याचा नंबर.

"हा माणूस?" ती म्हणाली. "सात वर्षं झाली जोबर्गला खाणीत जाऊन. शेतातलं एक ढेकूळ फोडलेलं नाही त्याने."

"मग त्याचा नंबर दिलास कशाला?"

"त्या मोजणीवाल्याने पुरुषाचं कार्ड मागितलं. पेटीत पडलं होतं, दिलं. पाहुणा काही मागतो तर नाही कसं म्हणायचं?"

"थोरल्या आई, तुझ्या या चांगुलपणापायी शेत उसाखाली जाणार होतं."

"होतं म्हणतेस ना? मग गेलेलं नाही. पुढचं बोल."

पुढचं सोपं नव्हतं. मला प्रत्येक प्लॉटसमोर नवऱ्याचा नंबर खोडून बायकोचा लिहायचा होता. मामा म्हणाले, नवऱ्यावरून बायको शोधू. तासभर आम्ही तेच केलं आणि नाकी नऊ आले. निम्मे नवरे जोबर्गला किंवा तळ्यावर मासे धरायला. काहींची दोन-दोन घरं, त्यामुळे एकाच नंबरावर दोन बायकांची शेतं. विधवांनी तर दिराचं कार्ड दिलं होतं, जावयाचं दिलं होतं, एकीने शेजाऱ्याचं दिलं होतं कारण तो त्या वेळी मोकळा होता. मामांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला, त्यावरून मला कळलं की त्यांनीही हात टेकलेत.

"मोजणीवाले कसे चालले ते मी पाहिलंय," थोरली आई सूप बाजूला ठेवून म्हणाली. "ओढ्यापासून निघाले, मशिदीपर्यंत गेले, वळले, परत ओढ्यापर्यंत आले. पुन्हा वळले. त्यांचे नंबर त्या चालीने पडलेत ना?"

"हो. एकापासून एकशे सदतीसपर्यंत."

"मग कागदावर काय शोधता? बायकांना बोलवा. आपलं शेत कोणाच्या शेजारी आहे ते आंधळीलाही कळतं. आम्ही उभ्या राहतो. तू चालत जा आणि लिही."

मामा माझ्याकडे बघायला लागले आणि मी मामांकडे. मग त्यांनी गावात सांगावा धाडला.

जागा लागणार होती, म्हणून फुटबॉलचं मैदान घेतलं. एक गोल म्हणजे ओढा, दुसरा म्हणजे मशीद. एक वाजायच्या आत बायका आल्या, ओळखपत्रं पदराच्या गाठीत बांधून. आधी नुसता गोंधळ. "तू माझ्या अलीकडे." "अलीकडे कशी, मधे वारूळ आहे." "वारूळ माझ्यात येतं." "वारूळ तुझं तर मुंग्याही तुझ्याच." हळूहळू एकेक जण आपल्या शेजारणीचा खांदा शोधून उभी राहिली. जिची दोन शेतं होती ती एका जागी उभी राहिली आणि दुसऱ्या जागी आपलं सूप ठेवलं. जिची आई वारली होती तिथे मुलगी उभी राहिली. गावात उरलेले नवरे मैदानाच्या कडेला बसून बघत होते. त्यातला एक बोटीवरचा उंच माणूस ओरडला, "आणि मी कुठे उभा राहू?"

"तू तुझ्या आईच्या गावी उभा राहा," त्याच्या बायकोने ओळीतूनच सांगितलं, आणि सगळं मैदान हसलं. तोही हसला.

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्टच सांगते. पाच वर्षं मी ऑफिसात बसून गावांच्या गावं भरली होती. नंबर, नंबर, नंबर. मला कधी वाटलं नव्हतं की ते नंबर असे उन्हात उभे राहून एकमेकांच्या डोक्यावरच्या फडक्याला नावं ठेवत असतील. मी लगेच कामाला लागले, कारण बायकांनी माझा चेहरा पाहिला असता तर संध्याकाळपर्यंत चिडवलं असतं.

मी ओळीने चालत गेले. कार्ड बघायचं, वहीशी ताडून पाहायचं, नंबर लिहायचा, पुढे जायचं. एक, दोन, तीन. मशिदीपर्यंत, वळून ओढ्यापर्यंत, परत वळून. ज्या मुली आईच्या जागी उभ्या होत्या त्यांच्या नावाने वहीत घर नव्हतं, त्या आजी-मावशीच्या घरात धरल्या होत्या. अशा अकरा निघाल्या. मामा माझ्या मागोमाग चालत त्यांची नावं नव्या पानावर घेत होते. पंचाऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशीवर थोरली आई, आपलं स्वतःचं कार्ड पुढे धरून.

तिच्या पलीकडे कोणी नव्हतं. एका माणसापुरती जागा सोडून मग अवेतू उभी होती, एकोणनव्वद नंबरवर.

"इथे कोण?" मी विचारलं. "अठ्ठ्याऐंशीला कोण? लवकर या गं, ऊन आहे."

कोणी हललं नाही. अवेतू थोरल्या आईकडे बघत होती आणि थोरली आई माझ्याकडे.

"अठ्ठ्याऐंशीचा रकाना यादीतही रिकामा आहे," मी म्हणाले. "कोणाचं शेत आहे हे?"

"माझ्या बहिणीचं," थोरली आई म्हणाली. "मी तीन वर्षं तण काढते आहे तिथलं. मोजणीवाल्याला सांगितलं की मालकीण बोमात नोकरी करते, येईल तेव्हा विचारा. त्याने काही लिहिलं नाही."

मला शेताचं माहीत नव्हतं असं नाही. आई त्या शेतातून भोपळे आणायची, ते मी खाल्लेत. पण आई गेल्यावर मी तिकडे फिरकले नव्हते. ते आता थोरल्या आईचंच, असं मी धरून चालले होते. विचारायचं धाडस केलं नव्हतं हे जास्त खरं.

"मग तुझंच ना ते. तुझं सूप ठेव इथे," मी म्हणाले.

"माझ्या बहिणीचं शेत मी गिळू?"

"गिळायचं कुठे म्हणते आहे? नुसता नंबर लिहायचा आहे."

"नंबर लिहिला की झालं ते. तूच मघाशी तासभर तेच सांगत होतीस."

मी आवाज खाली आणला. "थोरल्या आई, समजून घे. फाईल मीच भरणार. माझंच नाव मीच घालायचं म्हणजे काय होईल? साहेब म्हणेल, बाईने हात धुऊन घेतले. माझी नोकरी जाईल."

"आणि रिकामं ठेवलंस तर?"

रिकामं ठेवलं तर काय, ते मलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. एक ओळ अडली की अख्खं गाव बाहेर. या उन्हात उभ्या असलेल्या सगळ्याजणी, त्यांची सुपं, वारुळासकट सगळं 'अज्ञात'.

मामा मागून पुढे आले. "तुझं नाव वहीत नाही, कारण मोजणीच्या आठवड्यात जे गावात निजले त्यांनाच मी लिहिलं," ते म्हणाले. "चूक माझी आहे. भाची दुसरीकडे नोकरी करते म्हणून भाची राहत नाही, असं थोडंच आहे? आता लिहितो." त्यांनी अकरा नावांखाली बारावं लिहिलं, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शिक्का काढला आणि तोंडाची वाफ देऊन मारला.

"उभी राहा," थोरली आई म्हणाली.

"उभं राहून काय करू? मला लिहायचं आहे."

"सगळ्या उभ्या राहिल्यात, पोरी. तू काय आकाशातून पडलीस?"

मी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. डाव्या हाताला थोरली आई, उजव्या हाताला अवेतू, तिचा कोपर माझ्या कोपराला लागला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. आई गेल्यापासूनची तीन वर्षं मी बोमात दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि इथे एवढी जागा माझ्यासाठी धरून ठेवलेली होती. पर्समधून ओळखपत्र काढलं, आपलाच नंबर आपल्याच हाताने उतरवला, आणि एकोणनव्वदला गेले.

गुरुवारी वीज नऊला येऊन एकला जाणार होती. मी साडेआठलाच खुर्चीत होते. थोड्या वेळाने खिडकीबाहेर आवाज आले म्हणून पाहिलं, तर लिसांगाच्या तीसेक बायका मासळीच्या ट्रकमधून उतरत होत्या. व्हरांड्यात ओळीने बसल्या, काहींनी सुपंही आणली होती. शिपायाने विचारलं, काय काम आहे? "भाचीची वाट बघतो आहोत," त्या म्हणाल्या. तीस बायकांची एक भाची. शिपाई मुकाट्याने आत आला.

वीज आली. आधी पहिलं टेबल. मामांच्या शिक्क्याच्या पानावरून बारा नवी कुटुंबं घातली, बारावं माझं. हा क्रम चुकवून चालत नाही. ज्याच्यावर दुसरं काही टांगायचं आहे ते आधी आत असावं लागतं. मग प्लॉटांची फाईल लावली. पडद्यावर पट्टी सरकत होती. पट्टी संपली. घेतलेल्या ओळी एकशे सदतीस. अडलेल्या शून्य.

मी खिडकीकडे बघून मान हलवली. व्हरांड्यातून जी आरोळी उठली ती अख्ख्या बोमाने ऐकली असेल.

चविंगासाहेब पावणेबाराला आले. आरोळी त्यांनीही रस्त्यात ऐकली असावी, कारण चहा न मागताच ते मशीनसमोर बसले. वरपासून खालपर्यंत नोंदी पाहिल्या. माणूस कामाला पक्का, हे मी नाकारणार नाही. अठ्ठ्याऐंशीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा नंबर कोणाचा?"

"माझा."

"तुमचा." त्यांनी शिक्क्याचं पान उचललं. "आणि हे गावप्रमुख स्टांडी?"

"माझे मामा."

"मामाचा शिक्का, भाचीचं नाव, आणि भरणारा हातही भाचीचाच. लुकियाबाई, याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"आमच्यात याला वारसा म्हणतात," मी म्हणाले. "तुमच्याकडे बाप मुलाचं नाव लावतो तेव्हा त्याला काय म्हणतात? आमच्याकडे शिक्का मामाच मारतो. काल मैदानावर सगळ्या गावासमोर मारला. साक्षीदार व्हरांड्यात बसलेत, विचारा."

"हे असं चालत नाही. बाकीचं राहू द्या. ही एक ओळ मी काढतो." त्यांनी पहिलं टेबल उघडलं, माझं नाव शोधलं, आणि डिलीट दाबलं.

मशीनने नकार दिला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की हे कुटुंब काढता येत नाही, याच्या नावावर एक प्लॉट आहे.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी हसले नाही, पण त्यासाठी मला गाल आतून चावावा लागला. मंगळवारी ज्या नियमाने आम्हा सगळ्यांना दाराबाहेर फेकलं होतं, तोच आता दारात उभा होता.

"आधी प्लॉट काढावा लागेल," साहेब स्वतःशीच म्हणाले.

"काढा. तो निघतो. पण त्याला फॉर्म आहे. तुमचं नाव लिहावं लागेल आणि कारण लिहावं लागेल. कारण काय लिहाल? इथे कोणी राहत नाही? ती तीस माणसं उठून आत येतील आणि माझी जागा दाखवतील."

त्यांनी फॉर्म उघडला खरा. आपलं नावही टाईप केलं. कारणाच्या रकान्यात रेघ लुकलुकत राहिली. तेवढ्यात दार लोटून थोरली आई आत आली. शिपाई तिच्या मागे होता, पण तिला हात लावायची त्याची टाप नव्हती.

"साहेबांना नमस्कार," ती म्हणाली. "घरची मंडळी बरी आहेत?"

साहेबांनी उत्तर दिलं, बरी आहेत. विचारल्यावर सांगावंच लागतं.

"आई आहे?"

"आहे."

"तिचं शेत कुठे आहे?"

साहेबांनी कीबोर्डवरून हात काढला. "तिच्या नावावर शेत नाही," मग म्हणाले. "वडील गेल्यावर काकांनी घेतलं."

थोरल्या आईने मान डोलावली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मग ती कुठे उभी राहते?"

साहेबांनी चष्मा काढला, परत लावला, आणि फॉर्म रद्द केला. मग दोन्ही टेबलं छापायला सांगितली, प्रत्येकी तीन प्रती, समितीसाठी. मी छापल्या. त्यांनी पानं मोजून फायलीत घातली आणि व्हरांड्यातून जाताना बायकांनी पाय आखडून वाट दिली, तेव्हा मान खाली घालून गेले.

शुक्रवारी समितीत लिसांगाचं पान आलं तेव्हा 'अज्ञात' रकान्यात शून्य होतं. कंपनीच्या माणसाने पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं म्हणे. मागे काही नव्हतं.

माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं आणि या वेळी ते नवं झालं नाही. पत्र चविंगासाहेबांच्या सहीचं होतं. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. तिसऱ्या दिवशी चटई नि भांडी सायकल-टॅक्सीला बांधली आणि लिसांगाला गेले. आता अठ्ठ्याऐंशीवर मका गुडघ्याएवढा झाला आहे. डाव्या बांधावरून थोरली आई माझ्या खुरपणीला नावं ठेवते, आणि उजव्या बाजूने अवेतू तिला दुजोरा देते.

पत्र मी मामांच्या वहीत ठेवलं आहे, शिक्क्याच्या पानाशेजारी. कारण म्हणून त्यात एकच ओळ आहे: संबंधित महिलेने नोंदणीत स्वतःचं नाव स्वतः भरलं. त्यात खोटं काहीच नाही. मीच भरलं. दुसरं कोण भरणार होतं?